करंट कुठं मेला, ते आधी बघ

अगं, काल तुझा फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मी जागीच होते. "अक्का, तेरा किका मारल्या, चालूच होईना, शेवटी ढकलत आणली," असं तू हसत हसत सांगितलंस. पण चिंचवणचा रस्ता, दिवस मावळलेला, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधे गाडी ढकलत तू एकटी, हे काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पाव्हणे ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर गेलेत, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत येत नाहीत. गाडी त्यांची, पण आता ती तुझ्या हातात आहे. तू आशा सेविकेचं काम करतेस, तुला बोलावणं काही वेळ बघून येत नाही. म्हणून आज दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर शिलाईच्या मशिनीवर वही ठेवून तुला हे सांगत बसले. शांत बसून वाच, एका दमात नको.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. गाडीचं हे काम बायकांचं नाही, असं तुला कुणी थेट म्हणलेलं नसेल, पण आपण न सांगताच तसं धरून चालतो. तू माझ्याकडं सुट्टीला यायचीस, तेव्हा मशिनीनं टाके सोडले की काय करायचीस? मशीन बदला म्हणायची नाहीस. सुई बघायचीस. वाकली असली तर चार रुपयांची सुई बदलायचीस आणि पुन्हा पायडल मारायचीस. गाडी आचके देते, 'मिसिंग' करते, म्हणजे तिनं टाके सोडले. आणि प्लग ही तिची सुई.

मी हे आपल्या अण्णांकडून शिकले. तू तेव्हा लहान होतीस, तुला ती राखाडी चेतक नुसती उभी असलेलीच आठवत असणार. बजाजनं ती १९७२ ला काढली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन, तिकडं पुण्याजवळ आकुर्डीला. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. अण्णांनी जुनीच घेतलेली, तिसऱ्या हाताची. ती टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायचं, आणि ते ऑईल जळून प्लगच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत काजळीचा पूल बांधायचं. फटच बुजली तर ठिणगी उडी कुठं मारणार? मग लोक स्कूटर एका बाजूला कलंडवायचे, किका मारायचे, घामाघूम व्हायचे. अण्णा तसं काही करायचे नाहीत. उजव्या बाजूचा पत्रा काढायचे, प्लगपाना लावायचे, प्लग बाहेर काढून उजेडाकडं धरायचे आणि मला हाक मारायचे, "बघ बरं, काय रंग आहे?" मी नववीत असेन. रंग सांगणं हे माझं काम होतं.

त्या चेतकला पॉइंट असायचे. इंजिनाच्या चाकावरच्या गोलाकार पंख्याला एक खिडकी होती, तिच्यातून आत दोन बारीक चकत्या दिसायच्या, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या. त्या उघडल्या की कॉइलमधून करंटचा झटका निघायचा आणि प्लगवर ठिणगी पडायची. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर सेकंदाला पन्नास वेळा. हे अण्णांनी मला पाटीवर भागाकार करून दाखवलेलं, मला ते खरंच वाटलं नव्हतं. इतक्या वेळा उघडमिट करून चकत्या झिजायच्या, जळायच्या. मग अण्णा पॉलिश पेपरचा तुकडा मधून ओढायचे, फट पुन्हा लावायचे. कंडेन्सर गेला की पॉइंट भराभर काळे पडायचे, म्हणून पॉइंट बदलताना ते कंडेन्सरही बदलायचे. नुसता एकच बदलला तर महिन्यात पुन्हा तेच काम, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

तुझ्या स्प्लेंडरला हे पॉइंट नाहीत. १९९४ ला ती निघाली तेव्हापासूनच तिच्यात सी.डी.आय. नावाचा काळा डबा आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पॉइंटचं काम तोच करतो. त्यात झिजणारं काही नाही, म्हणून तो सहसा जात नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण सगळ्यात आधी लोक त्यालाच नावं ठेवतात.

मागं माझ्या गाडीचं काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. अण्णा गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात माझी गाडी बंद पडली. पाऊस पडून गेला की चालू व्हायची नाही, दुपारी ऊन पडलं की व्हायची. मला सगळं येत होतं, तरी मी हात लावला नाही. चारचौघांत रस्त्यावर बसून प्लग काय खोलायचा, असं वाटलं. एका गॅरेजात नेली. त्यानं सी.डी.आय. बदलला, चार दिवसांनी कॉइल बदलली, मग वायरिंगलाच हात घालू म्हणला. माझे दोन महिन्यांच्या ब्लाउजांच्या शिलाईचे पैसे गेले. आणि पुन्हा पाऊस आला, गाडी पुन्हा बंद. त्या रात्री मी लाईट बंद करून अंधारात किक मारली. प्लगवरच्या रबरी टोपीच्या चिरेतून निळी रेघ इंजिनाच्या अंगावर उडताना दिसली. टोपीला चीर गेलेली. ओल आली की करंट प्लगमध्ये न जाता तिथूनच पळून जायचा. शंभराच्या आतली टोपी. मी अंगणात बसून रडले गं, पैशासाठी थोडी आणि अण्णांसाठी जास्त.

म्हणून तुला सांगते, काही बदलायच्या आधी करंट कुठपर्यंत येतो आणि कुठं मरतो, ते शोध. करंटची वाट सरळ आहे. इंजिनातल्या मॅग्नेटपासून सी.डी.आय.मध्ये, तिथून एच.टी. कॉइलमध्ये, कॉइलमधून जाड काळ्या वायरीनं टोपीत, टोपीतून प्लगमध्ये. तुला शोधायला उलट्या टोकानं जायचंय, प्लगकडून मागं. कारण स्वस्त आणि लवकर बिघडणाऱ्या गोष्टी सगळ्या त्याच टोकाला आहेत.

पण त्याच्याही आधी टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, ते बघ. हसू नको, मी स्वतः बंद कॉकवर वीस किका मारल्यात.

आता प्लग काढायचा. गाडी तापलेली असताना अजिबात नाही. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं, गरम असताना आटे मऊ असतात, प्लगबरोबर ओरबाडून निघतात. आटे गेले की मग खरंच गॅरेजला जावं लागतं, आणि ते काम स्वस्त नाही. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना काढ. टोपी धरून ओढ, वायर धरून नाही. मग प्लगच्या बुडाशी बघ, आपल्या काळ्या मातीची धूळ तिथं बोटभर साचलेली असते. ती फुंकून, जुन्या ब्रशनं झाडून काढ, नाहीतर प्लग निघाला की सगळी भोकातून आत पडेल आणि सिलिंडर घासत राहील. प्लगपाना गाडीच्या टूलकिटमध्ये असेल, सोळाचा लागतो. पाव्हण्यांनी टूलकिट कुठं ठेवलंय ते फोन करून विचार, लाजू नको. पाना पूर्ण खाली बसलाय याची खात्री कर, मग घड्याळाच्या उलट फिरव. तिरका पाना लागला की आतली पांढरी चिनीमाती तडकते, आणि ती बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

पदर आधी खोच. ओढणी असेल तर घरात ठेवून ये.

प्लग हातात आला की उजेडाकडं धर आणि अण्णांसारखं स्वतःलाच विचार, काय रंग आहे? भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा भुरकट असेल तर गाडी सुखात आहे. तव्याच्या बुडासारखा कोरडा काळा असेल, बोटाला काजळी लागत असेल, तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा हवा कमी मिळतेय. चोक ओढलेला राहिला का, एअर फिल्टर धुळीनं बुजलाय का, ते बघ. कपाशीच्या दिवसांत फिल्टर किती लवकर भरतो, तुला माहीत आहे. काळा आणि ऑईलनं चिकट ओला असेल तर इंजिनातलं ऑईल वर चढतंय. तो आजार प्लग बदलून जायचा नाही, पण तुला कळलं तरी पाहिजे. आणि पेट्रोलनं नुसता ओला, वास येणारा असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाहीये. पांढराफटक, भाजल्यासारखा दिसला तर मात्र गाडी फार पळवू नको. इंजिन जास्त तापतंय, किंवा कुणीतरी चुकीच्या नंबरचा प्लग घातलाय.

नंबराचं थोडं समजून घे, कारण दुकानदार पटकन म्हणतो, "ताई, हा पण बसतो." बसतो, हे खरं. आटे जुळतात. पण प्लगनं आपल्या अंगावरची काजळी स्वतःच जाळावी इतकं तापायला हवं, साधारण साडेचारशे अंशांच्या वर. आणि साडेआठशेच्या पुढं जायला नको, नाहीतर ठिणगीची वाट न बघता पेट्रोल आपोआपच भडकतं. कुठला प्लग किती उष्णता अंगात धरून ठेवतो, ते त्या आकड्यात असतं. एनजीकेच्या प्लगात आकडा मोठा तसा प्लग थंड. बॉशच्या प्लगात नेमकं उलट. म्हणून एका कंपनीचा सात बघून दुसऱ्या कंपनीचा सात मागू नको. जुन्या स्प्लेंडरला एनजीकेचा सीआर७एचएसए चालतो. सी म्हणजे दहा मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, सात म्हणजे उष्णतेचा नंबर, एच म्हणजे आट्यांची लांबी. एवढं पाठ कर आणि दुकानात मोठ्यानं सांग. बाईनं नंबर सांगून माल मागितला की समोरचा डुप्लिकेट द्यायच्या आधी विचार करतो, हा माझा अनुभव आहे. तरीही पाकीट नीट बघ. छपाई पुसट असेल, आटे खरबरीत असतील, तर परत कर. जुना प्लग दुकानात बरोबर ने, शेजारी ठेवून लांबी जुळव. लांब प्लग पिस्टनला जाऊन धडकतो.

आता ठिणगी बघायची. काढलेला प्लग टोपीत घाल. प्लगची लोखंडी बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकव, पण ज्या भोकातून प्लग काढला त्याच्यापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते, पेट घ्यायला वेळ लागत नाही. धरायचं तर टोपीचं कोरडं रबर, तेही जाड कोरड्या फडक्यातून. वायरीतून दहा-वीस हजार व्होल्ट जातात, सणसणीत झटका बसतो, त्यामुळं जमिनीवर पाणी नको, हात ओले नकोत. आणि प्लग इंजिनाला टेकलेला नसताना किक मारू नको. करंटला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतच फुटतो आणि चांगली कॉइल मरते. चावी चालू कर आणि पोराला किक मारायला सांग. निळी, टक्क आवाजाची ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, तुझा घोटाळा पेट्रोलकडं आहे. पिवळी, दमलेली पडली किंवा पडलीच नाही, तर नवा प्लग टोपीत लावून तसंच बघ. नव्यावर आली? झालं, तुझं काम शे-दीडशेत संपलं.

नव्यावरही नाही आली तर टोपीकडं ये. ती वायरीवर आट्यांनी बसवलेली असते, गोल फिरवून काढ. वायरीचं टोक हिरवं किंवा काळं पडलेलं दिसेल. ब्लेडनं अर्ध्या बोटाच्या पेराएवढं कापून टाक, आतली तार चकचकीत दिसली पाहिजे, मग टोपी पुन्हा फिरवून बसव. निम्म्या गाड्या इथंच सुरू होतात, यावर माझा विश्वास बसलाय. टोपीला चीर असेल तर नवी घे. त्यानंही नाही झालं, तर बाजूचं झाकण काढून सी.डी.आय.चा आणि कॉइलचा जोड ओढून बघ, पितळेच्या जिभा हिरव्या पडल्या असतील तर घासून पुन्हा लाव. उंदरांनी वायर कुरतडलीय का बघ, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करतेस तू. एवढ्यावरही ठिणगी नसेल, तर शेजारच्या कुणाची अगदी त्याच मॉडेलची गाडी असेल, त्याचा सी.डी.आय. दोन मिनिटं मागून लावून बघ. दिसायला सारखे असले तरी मॉडेलप्रमाणं ते वेगळे असतात, म्हणून 'अगदी त्याच' म्हणतेय. त्यानं चालू झाली तरच नवा घे. कॉइलचंही तसंच. आपल्याकडं शेजारी वस्तू देतात गं, फक्त मागायला हवी.

नवा प्लग लावण्याआधी त्याची फट बघ. तुझ्या गाडीला सहा ते सात दशांश मिलिमीटर लागते. गेज नसेल तर लोखंड कापायच्या करवतीचं पान घे, त्याची दात नसलेली बाजू फटीत जेमतेम सरकली पाहिजे. सैल असेल तर बाहेरचं वाकडं टोक हलक्यानं ठोकून जवळ घे. मधल्या टोकाला मात्र ढकलू नको. जुन्या प्लगच्या डोक्यावर नट नसेल आणि नव्याच्या डोक्यावर असेल, तर पकडीनं तो काढून टाक, नाहीतर टोपी बसणार नाही.

आणि बसवताना पाना बाजूला ठेव. पहिले सगळे फेरे बोटांनी. बोट पोचत नसेल तर पेट्रोलच्या पाइपाचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यात खोच आणि तो फिरव. आटे तिरके लागले तर पाइपच घसरतो, पुढं जातच नाही, त्यामुळं नुकसान होत नाही. बोटांनी पूर्ण बसला की मग पान्यानं फक्त अर्धा फेरा, वॉशर दबण्यापुरता. जुनाच प्लग परत लावत असशील तर त्याहूनही कमी, त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. पुरुष माणसं इथं ताकद दाखवतात आणि आटे घालवतात. तुझ्या हाताला बटण लावायची सवय आहे, तुला ते बरोबर कळेल.

जुना प्लग साफ करायचा तर पेट्रोलमध्ये बुडवून पितळी ब्रशनं घास. चुलीत घालून जाळतात काही जण, तसं करू नको, चिनीमाती तडकते. दहा-बारा हजार किलोमीटरला नवाच घालावा, तू घराघरांत फिरतेस, वर्षा-दीड वर्षात तेवढं होतंच.

आणखी एक. पाव्हणे जायच्या आधी गाडी दोन महिने तशीच उभी होती ना, दिवाळीआधी? आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. २०२५ ला देशभर तेवढं झालं. ज्या उसाला आपल्या तालुक्यातली माणसं थंडीत पहाटे कोयता लावतात, त्यातलं बरंच त्याच उसातून येतं, हे मला कधी कधी फार जाणवतं. तुझी गाडी 'हिरो होंडा' लिहिलेली आहे, म्हणजे दोन्ही कंपन्या वेगळ्या व्हायच्या आधीची, ती या मिश्रणाच्या हिशेबानं बनलेली नव्हती. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की पाणी खाली बसतं, कार्बोरेटर चिकट होतो, आणि दोष प्लगच्या माथी येतो. म्हणून गाडी उभी ठेवायची वेळ आली तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, आणि आठवड्यातून एकदा तरी चांगली दोन-चार किलोमीटर फिरवून आण.

बीड-परळी रोडला माझ्या दुकानापासून चार पावलांवर स्पेअरचं दुकान आहे, तिथं मी तुझ्यासाठी एक प्लग आणि एक टोपी काढून ठेवलीय. पैशाचं बोलू नको. एक जोड डिक्कीत कायम राहू दे, प्लगपाना, फडकं आणि करवतीचं मोडकं पान त्यातच गुंडाळून ठेव.

शनिवारी तालुक्याला तुझी मीटिंग आहे म्हणालीस, तेव्हा इकडं ये. गाडी चालू झाली तर तिच्यावर ये, नाही झाली तर जीपनं ये. मी सांगेन, पण हात तुझेच लागतील, मी पाना धरणार नाही. आणि आत्ता जो प्लग त्या गाडीत आहे तो काढलास तर फेकू नको, पुसूही नको. तसाच कागदात गुंडाळून घेऊन ये. काय रंग आहे, ते तू मला सांगायचं आहेस.